विश्लेषण : मदतीचे ट्रक लगेच आले, घरे का रखडली? महाड-पोलादपूर आणि कंपन्यांचा ‘सीएसआर’ निधी

महापूर किंवा दरड कोसळल्यावर पहिल्या आठवड्यात मदतीला तोटा नसतो. तांदळाच्या गोण्या, चादरी, पाण्याच्या बाटल्या, औषधे, भांडी अशा साहित्याने भरलेले ट्रक रांगेने उभे राहतात. कंपन्यांचे फलक झळकतात. महिनाभरात ट्रक थांबतात. त्यानंतर सुरू होणारे जागेचे, घराचे, दुकानाच्या भांडवलाचे आणि पुढच्या पावसाळ्याच्या भीतीचे काम मात्र वर्षानुवर्षे चालते. जुलै २०२१ मधील महापूर आणि दरडींनंतर रायगडमधील महाड आणि पोलादपूर तालुक्यांनी हा अनुभव घेतला. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे ‘सीएसआर’, या दीर्घ कामासाठी वापरता येतो का, कायदा काय सांगतो आणि घोडे नेमके कुठे अडते, याविषयी...

जुलै २०२१ मध्ये काय घडले?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि तिला मिळणाऱ्या गांधारी, काळ या नद्यांना महापूर आला आणि महाड शहर पाण्याखाली गेले. बाजारपेठेतील दुकानांचे तळमजले बुडाले. वीज आणि मोबाइल सेवा बंद पडली, रस्ते तुटले. त्याच दिवशी दुपारी महाड तालुक्यातील तळीये गावाच्या कोंढाळकरवाडीवर डोंगराचा कडा कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अनेकांचे मृतदेह हाती लागलेच नाहीत. त्यांना नंतर मृत घोषित करावे लागले. पुराच्या पाण्याने वाटा अडवल्यामुळे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पथके दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचू शकली.

पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. तेथे ११ जणांचा मृत्यू झाला. तळीयेच्या बातमीपुढे या दोन वाड्यांची नावे मागे पडली आणि पुढे मदतीच्या वाटपातही हा फरक जाणवला.

हा फटका याच भागाला वारंवार का बसतो?

कारण भूगोलात आहे. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि थोड्या अंतरात शेकडो मीटर खाली उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते. महाबळेश्वरला मुसळधार पाऊस झाला की काही तासांत ते पाणी महाडच्या वेशीवर असते. २२ ते २३ जुलै २०२१ या २४ तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाडच्या पुढे नदी बाणकोटच्या खाडीला मिळते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत सरकते आणि पुराचे पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. नदीपात्रातील गाळाची बेटे आणि दासगाव परिसरातील कोकण रेल्वेच्या भरावामुळे पाणी तुंबते, ही महाडकरांची जुनी तक्रार आहे.

दरडींचा इतिहासही नवा नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक बळी गेले होते. त्यानंतर झालेल्या पाहणीत रायगड जिल्ह्यातील १०३ गावे दरडप्रवण ठरवण्यात आली. त्यांपैकी ४९ गावे एकट्या महाड तालुक्यात आणि १५ पोलादपूरमध्ये होती. म्हणजे जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक धोक्याची गावे या दोन तालुक्यांत आहेत. यादीत नाव नसले म्हणजे गाव सुरक्षित, असेही नाही. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती वाडी या यादीत नव्हती.

सरकारी मदत किती होती?

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पूरग्रस्त भागांसाठी ११,५०० कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले. त्यात तातडीच्या मदतीसाठी १,५०० कोटी, पुनर्बांधणीसाठी ३,००० कोटी आणि आपत्ती सौम्यीकरणाच्या कामांसाठी ७,००० कोटी रुपये धरले होते. बाधित कुटुंबाला १० हजार रुपये सानुग्रह अनुदान, पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी दीड लाख, निम्मी पडझड झालेल्या घरासाठी ५० हजार रुपये असे दर ठरले. दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त १० हजार रुपये अशी मर्यादा होती.

ही मदत नेहमीच्या निकषांपेक्षा अधिक होती. तरीही दीड लाखात कोकणातील डोंगराळ वाडीवर चिऱ्याचे किंवा काँक्रीटचे घर उभे राहत नाही. बाजारपेठेतील किराणा, कापड वा औषधांच्या दुकानात माल काही लाखांचा असतो. त्यातला ५० हजारांचा भाग सरकारने उचलला, तर उरलेला कुणी उचलायचा? विमा नसलेल्या दुकानदाराला सोने गहाण ठेवणे, पतसंस्थेचे कर्ज काढणे किंवा नातेवाइकांकडे हात पसरणे एवढेच मार्ग उरतात. सरकारी निकष आणि प्रत्यक्ष गरज यांत राहणारी हीच दरी कंपन्यांच्या निधीतून भरून निघावी, अशी अपेक्षा असते.

कंपन्यांवर मदतीचे बंधन आहे का?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा अधिक, उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. तिन्हींपैकी एक अट पूर्ण झाली तरी बंधन लागू होते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आहे.

सरासरी ५० कोटी रुपये नफा असलेल्या कंपनीचे उदाहरण घेऊ. तिचा वर्षाचा सीएसआर खर्च एक कोटी रुपये होतो. त्यात शाळा, आरोग्य, पाणी, कौशल्य प्रशिक्षण असे सगळे आले. म्हणजे मध्यम आकाराच्या एकट्या कंपनीकडून अख्ख्या गावाच्या पुनर्वसनाची अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. अनेक कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांना सरकारी निधीची जोड मिळाली, तरच आकडा जुळतो.

निधी कोणत्या कामावर खर्च करता येतो, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. मे २०१९ मध्ये त्यात ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा स्वतंत्र विषय समाविष्ट झाला आणि मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी या तिन्हींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कंपनीने चादरी वाटल्या तरी तो सीएसआर आणि गावाच्या पुनर्बांधणीला हात लावला तरी तोही सीएसआर. कायदा दोन्हींना सारखीच मान्यता देतो. निवड कंपनीच्या संचालक मंडळाची असते.

कोणती मदत ‘सीएसआर’मध्ये धरली जात नाही?

येथे अनेकांचा गोंधळ होतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा पीएम केअर्समध्ये दिलेली रक्कम सीएसआर ठरते. मुख्यमंत्री सहायता निधीत दिलेली रक्कम मात्र सीएसआर ठरत नाही, कारण सातव्या परिशिष्टात त्याचा समावेश नाही. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये हे स्पष्ट केले. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिलेला निधी मात्र ग्राह्य धरला जातो. राज्यात आपत्ती आली असताना कंपन्यांचा मोठा निधी कोणत्या खात्यात जातो, हे बरेचदा या नियमावरून ठरते.

वस्तुरूपातील मदतीचाही प्रश्न आहे. कारखान्याने आपला जेसीबी, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर पूरग्रस्त भागात पाठवला किंवा कामगारांनी चार दिवस चिखल उपसला, तर त्या मदतीची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील खुलाशानुसार खर्च हा प्रत्यक्ष खर्चच असावा लागतो. पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक मोलाची ठरणारी यंत्रसामग्री आणि मनुष्यबळ त्यामुळे हिशेबाच्या वहीत येत नाही.

केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्चही चालत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे अनेक जण याच शहरात आणि आसपासच्या गावांत राहतात. त्यांची घरे बुडाली, तर कंपनी त्यांना मदत जरूर करू शकते, पण ती कामगार कल्याण म्हणून. शिवाय दुसऱ्या एखाद्या कायद्याने घातलेले बंधन पाळण्यासाठी केलेला खर्च सीएसआर नसतो. रासायनिक कारखान्याने अग्निशमन यंत्रणा उभारणे किंवा सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हे त्याचे कर्तव्य आहे, गावावरचा उपकार नव्हे. नदीच्या प्रदूषणाबद्दलच्या भरपाईचा विषय वेगळा आणि सीएसआरचा वेगळा. दोन्हींची सरमिसळ झाली, तर गावाचा हक्क दानात बदलतो.

मग पहिल्या आठवड्यानंतर मदत का आटते?

पहिले कारण म्हणजे दिसण्याचा मोह. किट वाटपाचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, फोटो निघतो, अहवालात लाभार्थ्यांची संख्या लिहिता येते. जमिनीचा सातबारा साफ करण्यासाठी दिलेल्या वकिलाच्या किंवा मोजणीच्या खर्चाचा फोटो निघत नाही.

दुसरे कारण ताळमेळाचा अभाव. पुरानंतर मुख्य रस्त्यालगतच्या वस्तीत एकाच घरी तीन-तीन किट पोहोचतात आणि रस्ता खचलेल्या वाडीवर एकही पोहोचत नाही, हे चित्र प्रत्येक आपत्तीत दिसते. जुने कपडे ढिगाने येतात. पाण्याची मोटर, शिलाई यंत्र, शाळेची पुस्तके, बुडालेले दाखले नव्याने काढण्यासाठी मदत, विहिरींची स्वच्छता यांची निकड असते, पण त्यांची यादीच कुणी केलेली नसते.

तिसरे कारण कॅलेंडर. आपत्ती जुलैमध्ये येते. कंपनीचा त्या वर्षाचा सीएसआर आराखडा बहुधा आधीच ठरलेला असतो. जागा, मंजुऱ्या आणि आराखडा होईपर्यंत डिसेंबर उजाडतो. कोकणात बांधकामाचा हंगाम पाऊस संपल्यावर सुरू होतो आणि जूनपूर्वी आटोपावा लागतो. आर्थिक वर्ष तर ३१ मार्चलाच संपते. त्यामुळे ‘मार्चपूर्वी खर्च होईल असे काहीतरी’ शोधले जाते आणि पुनर्वसनाऐवजी वाटपाकडे कल जातो.

खरे तर या तिसऱ्या अडचणीवर कायद्यातच उपाय आहे. जानेवारी २०२१ मध्ये लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार कंपनी एखादे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून जाहीर करू शकते. सुरू झालेले वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षे तो चालवता येतो. वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि तीन वर्षांत त्याच कामावर वापरायची. आपत्तीच्या वर्षात बंधनापेक्षा अधिक खर्च झाला, तर तो जादा खर्च पुढील तीन वर्षांच्या दायित्वातून वजाही करता येतो. म्हणजे तीन-चार पावसाळे एका गावासोबत राहणे नियमांत बसते. त्यासाठी पहिल्याच वर्षी तसा निर्णय व्हावा लागतो.

घरे बांधून देण्यात अडचण कोणती?

महाडनेच याचे उत्तर देणारी दोन उदाहरणे दिली आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस त्यात बुडाल्या. तेथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. तळीयेच्या पुनर्वसनाची जबाबदारी म्हाडाकडे देण्यात आली, कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडायच्या घरांची योजना आखली गेली. तरीही दोन वर्षे उलटल्यावर अनेक कुटुंबे कंटेनरमधील तात्पुरत्या निवाऱ्यातच होती. कोकणच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या कंटेनरमध्ये दिवस काढणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

पुलाचा मालक एक आणि जागा ठरलेली. गावाचे तसे नसते. आधी सुरक्षित जागा लागते. ती भूवैज्ञानिकांनी तपासलेली, पाणी आणि रस्ता असलेली, शिवाय शेती आणि गोठ्यापासून फार लांब नसलेली हवी. कोकणातील जमीन बहुधा सामाईक. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावे आणि निम्मे वारसदार मुंबई, ठाणे, सुरतेत. एका गुंठ्यासाठी पंधरा जणांच्या सह्या लागतात. घरातले सगळेच गेले असतील, तर वारस कोण, हा प्रश्न आणखी कठीण होतो. एका घरात राहणाऱ्या तीन भावांना एक घर द्यायचे की तीन, यावरही गावसभा अडते.

यांपैकी एकही प्रश्न कंपनीच्या पैशाने सुटत नाही. जमीन संपादन, बिनशेती, वारसनोंद, लाभार्थी यादी ही कामे महसूल खात्याचीच. जमीन हाती नसताना कंपनी घरांचा निधी मंजूर करत नाही आणि निधीची खात्री नसताना आराखडा पुढे सरकत नाही. दोघे एकमेकांची वाट पाहत राहतात.

मालकीचा एक नियमही महत्त्वाचा आहे. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचे गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्या नावे असावी लागते. निवारा शेड, पाण्याची टाकी, समाजमंदिर ग्रामपंचायतीच्या ताब्यात देणे त्यामुळे सोपे जाते. घरांच्या बाबतीत मात्र सरकारी यंत्रणेशी आधीच करार करून घेणे शहाणपणाचे ठरते.

महाडला मिळते, पोलादपूरला का नाही?

महाडजवळ रासायनिक उद्योगांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. लक्ष्मी ऑरगॅनिक, विनती ऑरगॅनिक्स, हिकल, प्रिवी अशा कंपन्यांचे प्रकल्प तेथे आहेत. महाड उत्पादक संघटना ही कारखानदारांची संघटनाही आहे. कंपनीने जेथे काम चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ सांगते. त्यामुळे वसाहतीच्या आसपासच्या गावांना शाळा, आरोग्य शिबिरे, पाणी योजना यांचा लाभ मिळतो आणि आपत्तीतही त्यांची नावे आधी आठवतात.

पोलादपूर तालुक्यात अशी मोठी वसाहत नाही. डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्या, उतारावरची भातशेती आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या पैशावर चालणारी घरे, असे तेथील अर्थकारण आहे. पाऊस तोच, डोंगर तोच, नदीही तीच. पण कारखाना नाही, म्हणून ‘स्थानिक परिसर’ म्हणणारी कंपनीही नाही. स्थानिक परिसराला प्राधान्य हे इतरत्र खर्चाला बंदी घालत नाही, हे मंत्रालयाने वेळोवेळी सांगितले आहे. सावित्रीचे पाणी पोलादपुरातूनच महाडच्या वसाहतीकडे येते. नदीखोरे हाच परिसर मानला, तर वरच्या वाड्यांवरील खर्च खालच्या कारखान्यांच्याही हिताचा ठरतो.

ही पोकळी काही प्रमाणात स्वयंसेवी संस्था भरतात. स्वदेस फाउंडेशन रायगडच्या ज्या तालुक्यांत काम करते त्यांत महाड आणि पोलादपूर दोन्ही आहेत. गावात आधीपासून काम असलेल्या अशा संस्थेमार्फत निधी आला, तर कोणत्या वाडीवर काय हवे, हे नव्याने शोधावे लागत नाही. कंपनीचा निधी राबवणाऱ्या संस्थेला मात्र एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. गावपातळीवरील लहान मंडळे आणि महिला बचत गट या कागदपत्रांत मागे पडतात.

इतर ठिकाणांचा अनुभव काय सांगतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. अनेक देणगीदार संस्थांनी एकेक गाव दत्तक घेतले. घरे मिळाली, पण शहरी वसाहतीसारखी सरळ रांगांची. वाड्यातले अंगण, जनावरांची जागा, भाऊबंदांची आळी हे सगळे विस्कटले. देणाऱ्याने आराखडा ठरवला आणि राहणाऱ्याला कुणी विचारले नाही की काय होते, हे लातूर-धाराशिवने पाहिले.

पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. नव्या जागेवरील ६७ घरांचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले. त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात रस्ते आणि भराव खचल्याच्या, भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. डोंगरउतारावर भराव टाकून केलेल्या जागेला किमान एक-दोन पावसाळे पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही. कंपनीचा करार लोकार्पणाच्या दिवशी संपत असेल, तर दुरुस्तीचा खर्च गावाच्या माथी येतो.

केरळमध्ये जुलै २०२४ च्या वायनाड दुर्घटनेनंतर सरकारने एकच नगर वसवण्याचे ठरवले आणि प्रायोजकांसाठी एका घरामागे २० लाख रुपये अशी रक्कम निश्चित केली. प्रत्येकाने आपापली घरे बांधण्याऐवजी जागा, आराखडा आणि दर्जा सरकारने ठरवायचा आणि देणगीदारांनी त्यात वाटा उचलायचा, अशी ही पद्धत आहे. घरांवरील फलकापेक्षा घरांच्या एकसारख्या दर्जाला त्यात महत्त्व मिळते.

आपत्ती येण्यापूर्वी खर्च करता येतो का?

येतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधील व्याख्येत प्रतिबंध, सौम्यीकरण आणि पूर्वतयारी यांचाही समावेश आहे. वाड्यांवर स्वयंचलित पर्जन्यमापक, भोंगे, डोंगरात नवीन भेगा पडल्या की कळवणारे प्रशिक्षित तरुण, पावसाळ्यात चार महिने राहता येईल असा पक्का निवारा, बोटी आणि लाइफ जॅकेट, पुराच्या पातळीच्या खुणा, दुकानदारांसाठी विमा शिबिरे या सगळ्यांवर होणारा खर्च घरांच्या तुलनेत फारच कमी आहे.

दरडप्रवण वाडीतील कुटुंबांना दर जुलैमध्ये शाळेत हलवले जाते. शाळा भरायची असते, गुरे मागे राहिलेली असतात, स्वयंपाकाची सोय नसते. म्हणून पाऊस थोडा ओसरला की लोक परत जातात आणि धोका तेव्हाच असतो. गोठ्यासह, चुलीसह, स्वच्छतागृहासह असलेला निवारा असेल, तर तहसीलदाराच्या नोटिशीला अर्थ येतो. अशा एका निवाऱ्याला पाच-सात कारखान्यांनी मिळून हातभार लावणे अवघड नाही.

नदीतील गाळ काढण्याच्या कामातही उद्योग आणि संस्थांचा सहभाग शक्य आहे. चिपळूणमध्ये २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीचा गाळ काढण्याच्या कामात नाम फाउंडेशन उतरले होते. मात्र गाळ हे एका हंगामाचे काम नाही. डोंगर खचत राहिले, तर पात्र पुन्हा भरते. त्यामुळे पात्रातील कामाला वरच्या उतारांवरील कामाची जोड लागते.

गावकऱ्यांना तपासता येते का?

येते आणि तपासायला हवे. सीएसआर लागू असलेल्या प्रत्येक कंपनीला संचालकांच्या वार्षिक अहवालात सीएसआर खर्चाची माहिती द्यावी लागते. केंद्र सरकारच्या सीएसआर संकेतस्थळावरही ही माहिती पाहता येते. ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने आपल्या जिल्ह्याच्या नोंदी पाहिल्या, तर आपल्या नावावर काय लिहिले गेले आहे, ते कळते. मोठ्या कंपन्यांना एक कोटी रुपये किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे स्वतंत्र मूल्यमापनही करून घ्यावे लागते.

कंपनी मदतीला आली, की गावाने तिला काही सरळ प्रश्न विचारावेत. हे काम एका वर्षाचे की ‘चालू प्रकल्प’? मालमत्ता कुणाच्या नावे होणार? पहिल्या दोन पावसाळ्यांत काही बिघडले, तर दुरुस्ती कोण करणार? आराखडा गावसभेपुढे आला होता का? आणि हेच साहित्य दुसरे कुणी आधीच देत आहे का, हे तहसील कार्यालयात विचारले आहे का?

कुणी काय करायला हवे?

कामाची वाटणी तशी स्पष्ट आहे. जमीन, तिची तपासणी, वारसनोंद आणि लाभार्थी यादी सरकारने द्यायची. ती कामे ठरावीक मुदतीत झाली नाहीत, तर कंपनीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. निकषांपलीकडची उणीव, म्हणजे घराच्या खर्चातील फरक, उपजीविका, निवारा आणि पूर्वसूचना, कंपन्यांनी एकत्रित निधीतून भरायची. घर कसे हवे, कोणाशेजारी हवे, गोठा कुठे हवा, हे राहणाऱ्यांनी ठरवायचे. जिल्हा प्रशासनाने गरजांची वाडीनिहाय यादी मे महिन्यातच तयार ठेवली, तर जुलैमध्ये येणाऱ्या ट्रकांना दिशा मिळेल आणि पोलादपूरच्या वाड्यांची नावेही त्या यादीत असतील.

महाड-पोलादपूरच्या डोंगरांत पुढचा मुसळधार पाऊस कोणत्या वर्षी येईल, हे कुणी सांगू शकत नाही, पण येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यातील चादर-तांदूळ लागतातच. मात्र कंपनीची मदत उपयोगी पडली की नाही, हे वाटलेल्या किटांच्या आकड्यावरून ठरत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात ती कुटुंबे कुठे झोपली होती, यावरून ते ठरते.